'कमी लेखणे' : कोणाच्या लेखी?

'आम्हाला कमी लेखले जाते' हे वाक्य मराठी सार्वजनिक जीवनात इतक्या वेळा उच्चारले जाते की, त्यातील 'लेखणे' या क्रियापदाकडे आता सहसा कोणाचे लक्ष जात नाही. प्रांतांची, जातींची, स्त्रियांची, ग्रामीण लेखकांची, बोलींची तक्रार याच दोन शब्दांत मांडली जाते. गोमंतकात तर भाषेच्या प्रदीर्घ वादात दोन्ही पक्षांनी परस्परांवर हाच आरोप केला आहे. मराठीचा अभिमानी म्हणतो, येथील मराठी परंपरेला कमी लेखले. कोकणीचा अभिमानी म्हणतो, आमच्या भाषेला बोली म्हणून कमी लेखले. एकच शब्दप्रयोग दोन्ही बाजूंच्या हाती शस्त्र म्हणून फिरू लागला, म्हणजे त्याचा अर्थ नीट तपासणे हे समीक्षेचे कर्तव्य ठरते. कारण हा शब्दप्रयोग मूल्यमापनाचा आहे, आणि मूल्यमापन हाच समीक्षेचा व्यवसाय आहे.

या तपासणीसाठी पेडणे आणि डिचोली हे गोव्याच्या उत्तरेकडचे दोन तालुके मुद्दाम नजरेसमोर ठेवले आहेत. सावंतवाडीकर भोसल्यांच्या अंमलातून हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे गेले आणि 'नव्या काबिजादीं'त मोडू लागले. जुन्या काबिजादींवर सोळाव्या-सतराव्या शतकांत जे धार्मिक आणि भाषिक आघात झाले, ते येथे त्या स्वरूपात पोहोचले नाहीत. त्यामुळे देवळातील पुराण, भजन आणि पोथी मराठी राहिली. घरातील, शेतातील आणि बाजारातील बोलणे मात्र स्थानिक वळणाचे राहिले. त्या बोलण्याला कोणी कोकणी म्हणतो, कोणी ते मालवणीच्या अंगाने जाणारे आहे असे सांगतो. नावाचा वाद बाजूला ठेवला तरी वस्तुस्थिती अशी की, येथील माणूस एका दिवसात दोन भाषारूपांतून सहज ये-जा करतो. कोणत्या रूपाला अधिक लेखायचे आणि कोणत्याला उणे, हा प्रश्न त्याच्या पुढ्यात बाहेरून येऊन पडला आहे.

प्रथम शब्दकुल पाहू. एखाद्याची योग्यता असेल त्याहून कमी धरणे, या एका व्यवहारासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. पण ते सगळे एका अर्थाचे नाहीत. प्रत्येकामागे वेगळी कृती आहे. 'उपेक्षा' शब्दात 'ईक्ष्' म्हणजे पाहणे हा धातू आहे. वस्तू जवळ असूनही तिच्याकडे लक्ष न देणे हा तिचा भाव. 'अवमान' आणि 'अवज्ञा' यांत मन आणि ज्ञान आहे. मनातच खालची जागा देणे हा त्यांचा अर्थ. 'झिडकारणे', 'धुडकावणे' यांत हाताचा आणि आवाजाचा आवेश आहे. दुसरा एक गट तराजूचा. 'हलका' हा शब्द संस्कृत 'लघुक' शब्दातील वर्णांची प्राकृतात अदलाबदल होऊन आपल्याकडे आला. हलक्या मनाचा, हलक्या कुळीचा, हलक्या प्रतीचा, असा त्याचा विस्तार झाला. 'पासंगालाही न पुरणे' हा प्रयोग त्याच तराजूचा. दोन पारडी समतोल करण्यासाठी जो लहानसा भार लावतात, त्याइतकीही ज्याची योग्यता नाही तो पासंगाला पुरत नाही. तिसरा गट नाण्याचा : कवडीमोल, मातीमोल. चौथा गट हिशेबाचा : अवगणना, खिजगणतीत नसणे, आणि आपल्या विषयाचा शब्द, लेखणे.

'लेखणे' हे क्रियापद मुळात निंदेचे नाही. देवासमान लेखणे, पोटच्या पोराप्रमाणे लेखणे असेही आपण म्हणतो, आणि कस्पटासमान लेखणे, तृणवत् लेखणे असेही म्हणतो. 'लेख' म्हणजे रेघ, ओरखडा, लिहिणे. त्यावरून 'लेखा' म्हणजे हिशेब. आणि त्यावरून 'लेखणे' म्हणजे हिशेबात धरणे, गणणे, मानणे. जुन्या मराठीत 'न लेखणे' एवढ्यानेच अवहेलना व्यक्त होई. हिशेबातच न धरणे हा तिरस्काराचा पुरेसा प्रकार होता. 'माणसांत लेखत नाही' हा आजचा प्रयोग त्याच जातीचा आहे. 'कमी लेखणे' यात मात्र एक पायरी पुढची आहे. येथे वस्तू हिशेबात धरलेली आहे, तिच्या नावावर आकडाही मांडलेला आहे. फक्त तो आकडा खऱ्यापेक्षा लहान आहे. म्हणून उपेक्षा आणि कमी लेखणे या दोहोंत भेद केला पाहिजे. उपेक्षेत नोंदच नसते. कमी लेखण्यात चुकीची नोंद असते. उपेक्षितास नोंद करून घ्यावी लागते, कमी लेखलेल्यास झालेली नोंद खोडून घ्यावी लागते. आणि झालेली नोंद खोडणे हे नवी नोंद करण्यापेक्षा नेहमीच कठीण असते, हे कोणताही हिशेबनीस सांगेल.

याच कुळातील आणखी एक रूप आपण रोज वापरतो : 'माझ्या लेखी', 'त्याच्या लेखी'. अमुक गोष्ट माझ्या लेखी क्षुल्लक आहे, याचा अक्षरशः अर्थ, माझ्या हिशेबात ती क्षुल्लक आहे. म्हणजे लेखणे या क्रियेला एक वही लागते आणि त्या वहीला एक मालक लागतो. 'तो कमी आहे' हे विधान वस्तूविषयी आहे. 'तो कमी लेखला गेला' हे विधान लेखणाऱ्याविषयी आहे. दुर्दैवाने आपण ही तक्रार बहुधा कर्मणी प्रयोगात करतो. 'कमी लेखले जाते' या रचनेत लेखणारा अदृश्य होतो. वही कोणाची, कीर्द कोणी लिहिली, खतावणी कोणत्या मापाने मांडली, हे प्रश्न व्याकरणानेच झाकले जातात. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच आहे की, 'कमी लेखले' असे म्हणणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने प्रथम 'कोणाच्या लेखी?' हा प्रश्न विचारला पाहिजे. तो विचारला नाही तर न्याय्य तक्रार आणि रुसवा यांत भेद करता येत नाही.

आता या प्रयोगातील पहिल्या शब्दाकडे वळू. 'कमी' हा फारसीतून आलेला. त्याआधीचा आपला शब्द 'उणे', संस्कृत 'ऊन' वरून आलेला. देशावरच्या रोजच्या बोलण्यात 'कमी'ने 'उणे'ला बरेच मागे सारले. तेथे 'उणे' मुख्यतः वजाबाकीत, 'उणीव' या नामात आणि 'उणेदुणे काढणे' अशा वाक्प्रचारांत उरला. गोमंतकात तो घराघरांत जिवंत आहे. येथे दूध उणें पडते, मीठ उणें होते, आणि माणसालाही 'उणें लेखप' असेच म्हणतात. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या शाळेत शिक्षक फळ्यावर 'नऊ उणे पाच' लिहितात, तेव्हा तो शब्द मुलाला नवा नसतो. तो त्याने चुलीजवळ ऐकलेला असतो. जो शब्द अन्यत्र गणिताच्या पुस्तकात जाऊन बसला तो येथे बोलण्यात आहे, ही गोष्ट लहान नाही. जुन्या मराठीचा ठेवा कोठे सांभाळला गेला, याची ती खूण आहे.

'उणे' या शब्दाने मराठी अंकगणनेत एक मौजेचा व्यवहार केला आहे. अठरा म्हणजे आठ आणि दहा. त्याचे नाव त्याच्या स्वतःच्या घटकांवरून पडले. एकोणीस मात्र 'एकाने उणे वीस'. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे सगळे असेच. एकोणीसपासून एकोणऐंशीपर्यंतचे हे सात अंक स्वतःच्या नवांवरून नव्हे, तर पुढच्या दशकाला ते किती उणे पडतात यावरून ओळखले जातात. ८९ आणि ९९ यांनी मात्र ही रीत मोडली : नव्याऐंशी आणि नव्व्याण्णव ही नावे त्यांच्या स्वतःच्या नवांवरून आली. अंकांच्या बाबतीत यात कोणाचा अपमान नाही. ती मोजण्याची सोय आहे. परंतु कमी लेखण्याच्या व्यवहाराचे अंतरंग यातून स्पष्ट दिसते. एखादी वस्तू स्वतः काय आहे हे न सांगता, ती दुसऱ्या वस्तूपेक्षा किती उणी आहे हे सांगणे, म्हणजे तिला उणे लेखणे. एकोणीस ही संख्या वीसपेक्षा एकाने लहान आहे हे खोटे नाही. पण एकोणिसाविषयी सांगण्यासारखे तेवढेच आहे असे मानले, तर ती दिशाभूल होते. कमी लेखणारे विधान पुष्कळदा असत्य नसते. ते अपुरे असते, आणि त्याचा अपुरेपणा त्याच्या सत्यतेआड लपतो.

बोलींविषयीची आपली पुष्कळशी विधाने या एकोणिसाच्या पद्धतीची आहेत. 'या बोलीत अमुक प्रत्यय गळतो', 'तमुक उच्चार बिघडतो', 'शुद्ध रूप असे, पण इकडे तसे म्हणतात' ही शिक्षकांच्या आणि व्याकरणकारांच्या तोंडची वाक्ये पाहावीत. त्यांत बोलीचे वर्णन नसते, प्रमाणभाषेतून केलेली वजाबाकी असते. मूल 'माका' म्हणाले की 'मला' हा शब्द त्याला म्हणता आला नाही असे धरले जाते. 'कित्याक' म्हणाले की 'कशाला' बिघडला असे समजले जाते. वस्तुतः 'माका' हे 'मला'चे मोडके रूप नव्हे. दोन्ही रूपांत चतुर्थीचे प्रत्यय वेगळे आहेत एवढेच. 'लेखप' हे 'लेखणे'चे अपभ्रष्ट रूप नव्हे; '-प' हा प्रत्यय आपल्या स्वतंत्र मार्गाने आलेला आहे.

याचे एक बोलके उदाहरण शुद्धलेखनाच्या इतिहासात आहे. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली लेखनाचे जे नियम केले आणि महाराष्ट्र शासनाने जे स्वीकारले, त्यांनी ज्यांचा उच्चार होत नाही ते अनुस्वार लेखनातून काढून टाकले. 'उणें', 'करणें', 'केलें' यांच्या डोक्यावरचा बिंदू गेला. पुण्या-मुंबईच्या उच्चाराला धरून हा निर्णय योग्यच होता; लिहिणाऱ्याचे आणि शिकवणाऱ्याचे मोठे ओझे त्याने उतरले, आणि तो फिरवावा असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. पण 'उच्चार होत नाही' या म्हणण्याचा अर्थ 'कोणाच्या तोंडी होत नाही?' असा प्रश्न केल्यावाचून पूर्ण होत नाही. गोमंतकाच्या बोलण्यात 'उणें' शब्दाच्या शेवटचा अनुनासिक आजही स्पष्ट ऐकू येतो. नपुंसकलिंगाची ती खूण आहे. ज्याला आपण अनुच्चारित ठरविले ते येथे उच्चारले जात होते. नियम करताना हा उच्चार कोणी मुद्दाम डावलला असे म्हणण्याचे कारण नाही. तो त्या वहीत नव्हता, एवढेच. आणि कमी लेखण्याचे बहुतेक प्रकार असेच, द्वेषावाचून घडतात.

भाषावादाचा इतिहास याच प्रश्नाच्या उजेडात पाहता येतो. २७ जून १६८४ रोजी व्हिसेरेइ कोंद द आल्वोर याच्या कारकीर्दीत निघालेल्या फर्मानाने गोव्यातील लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम झाला. हे दमन होते. पण त्याला 'कमी लेखणे' म्हणणे शब्दाशी प्रामाणिक होणार नाही. जो बंदी घालतो तो त्या वस्तूचे सामर्थ्य ओळखूनच घालतो. कमी लेखणे हे याहून सौम्य आणि म्हणूनच अधिक टिकाऊ असते; त्याला हुकूम लागत नाही, नुसते वर्गीकरण पुरते. ग्रियर्सनने भारतीय भाषांच्या पाहणीचा सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात कोकणीची गणना मराठीच्या बोलींत केलेली आहे, आणि कुडाळी हा तिचा एक प्रकार म्हणून नोंदला आहे. ग्रियर्सनच्या मापाने तो शास्त्रीय निर्णय होता. परंतु 'बोली' या शब्दात वर्गीकरणाबरोबर प्रतिष्ठेचाही उल्लेख मिसळून जातो, आणि वाचणारा तो दुसराच अर्थ आधी वाचतो.

या अर्थाविरुद्ध आयुष्यभर झगडलेले वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, म्हणजे शणै गोंयबाब, यांचा जन्म १८७७ साली डिचोलीत झाला. कोकणी ही मराठीची उणी प्रत नसून स्वतंत्र भाषा आहे, हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी तर्कापेक्षाही अधिक प्रभावी साधन वापरले : त्यांनी त्या भाषेत गद्य लिहिले. दुसऱ्या बाजूस, फोंडा महालातील प्रियोळचे अ. का. प्रियोळकर हे मराठीतील थोर संशोधक. 'ग्रांथिक मराठी भाषा आणि कोंकणी बोली' हे त्यांच्या ग्रंथाचे नाव. त्या नावातच दोन शब्दांचा तोल आहे. गोमंतकात मराठी ही बाहेरून लादलेली भाषा नसून शतकानुशतकांची ग्रंथभाषा आहे, हे त्यांना सांगायचे होते, आणि त्यासाठी त्यांच्यापाशी पुराव्यांची कमतरता नव्हती. आज अंतरावरून पाहताना असे दिसते की, दोघांचीही तक्रार आपापल्या जागी खरी होती, कारण ती दोन निरनिराळ्या वह्यांविरुद्ध होती. एका वहीत घरच्या बोलण्याचा आकडा उणा मांडला होता; दुसरीत देवळातल्या आणि पोथीतल्या भाषेचा. अनर्थ झाला तो एवढ्यासाठी की, एक आकडा दुरुस्त करण्यासाठी दुसरा उणा केला पाहिजे असे दोन्ही पक्षांनी गृहीत धरले.

पुढचे निर्णय वाचकांना ठाऊक आहेत. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही गोव्याची राजभाषा झाली आणि मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद झाली. १९९२ मध्ये कोकणीचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात झाला. हे निर्णय शासनाच्या वहीतले आहेत आणि तेथे ते आवश्यक होते. परंतु शासनाच्या वहीत नोंद झाली म्हणजे शाळेच्या वहीतली नोंद आपोआप सुधारते असे नाही. पेडण्याच्या मुलाचे बोलणे पूर्वी पुण्याच्या मराठीपेक्षा उणे ठरत असे. आता ते प्रमाण मानलेल्या कोकणीपेक्षाही उणे ठरू शकते. दोन प्रमाणांच्या मधल्या पट्ट्यात राहणाऱ्या बोलीची दोन्हीकडून वजाबाकी होते. 'कमी लेखले' असे म्हणण्याचा खरा अधिकार कोणाला असेल तर तो या पट्ट्यातल्या बोलणाऱ्याला आहे. आणि वादात त्याचाच आवाज सर्वात कमी ऐकू आला.

कोशांची गोष्टही येथे सांगितली पाहिजे. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'ने १९३२ ते १९३८ या काळात निघालेल्या आपल्या सात विभागांत प्रादेशिक शब्द आवर्जून घेतले. त्यांच्यापुढे कंसात '(गो.)', '(कु.)' अशी चिन्हे घातली. हे शब्द कोशात आले, म्हणजे त्यांची उपेक्षा झाली नाही. त्याबद्दल संपादकांचे ऋण मानले पाहिजे. तथापि पुण्याच्या बाजूच्या शब्दापुढे सहसा असे चिन्ह लागत नाही. चिन्ह हे माहिती म्हणून दिलेले असते, पण वाचणारा ते कुंपण म्हणून वाचतो : हा शब्द तिकडचा, आपल्या लेखनासाठी नव्हे. मापणारा स्वतःच्या जागेला चिन्ह लावीत नाही. त्याच्या लेखी ती जागा म्हणजे सर्व मराठी असते. कोशातील चिन्हे काढून टाकावीत असा याचा अर्थ नाही. ती कशी वाचावीत हे शिकविले पाहिजे, आणि ते काम शाळांचे आहे.

आतापर्यंत शब्दांविषयी बोललो. पण जे शब्दांचे तेच वाङ्मयाचे. लेखन आणि लेखणे हे एकाच मुळातून आलेले आहेत, आणि आपल्या वाङ्मयेतिहासात त्याचा परिणाम असा झाला की, जे लिहिले गेले नाही ते लेखले गेले नाही. पेडणे महालात जत्रेच्या रात्री उभा राहणारा दशावतार घ्या. त्याला परंपरेने लिखित संहिता नाही. कथानक ठरलेले असते, सूत्रधार गाण्याने त्याचा ओघ सांभाळतो, आणि संवाद नट जागच्या जागी रचतो. राजे आणि देव ग्रांथिक मराठीत बोलतात. आख्यानापूर्वीच्या भागात वेद चोरणारा संकासुर मात्र गावच्या बोलीत बोलतो. उच्च पात्राला उच्च भाषा आणि थट्टेच्या पात्राला घरची भाषा अशी ही वाटणी पाहून कोणी म्हणेल, येथेही बोलीला कमीच लेखले. पण प्रेक्षकांच्या लेखी काय आहे तेही पाहावे. देवांच्या भाषणाला ते हात जोडतात. संकासुराच्या बोलण्याशी ते हसतात, त्याला उत्तर देतात, त्याच्याशी भांडतात. एकाच रंगमंचावर एक भाषा आदरासाठी आणि दुसरी जवळिकीसाठी, असा हा व्यवहार आहे. रांगेत वर-खाली बसविण्याचा विचार या दोहोंपैकी कोणत्याच बाजूला दिसत नाही. तो ग्रंथातून पाहणाऱ्याने आणलेला आहे.

अशा कलेचे हल्ली कौतुक पुष्कळ होते. महोत्सवांत दशावतार दाखविला जातो, पौषात मांडावर स्त्रिया ज्या धालो म्हणतात, त्यांचे ध्वनिमुद्रण होते. हे चांगलेच आहे. पण कौतुक हाही कमी लेखण्याचा एक सभ्य प्रकार होऊ शकतो. मुलाने काढलेल्या चित्राचे आपण कौतुक करतो. त्याची समीक्षा करीत नाही. दशावताराला 'लोककला' म्हणून गौरवून जर आपण त्यातील संवादरचना, पात्रांची भाषिक वाटणी, कथानकाची बांधणी यांविषयी नाटकाच्या कसोटीने काहीच बोलणार नसू, चांगला प्रयोग आणि वाईट प्रयोग यांत भेद करणार नसू, तर आपण त्याला नाटकांत लेखलेलेच नाही. समीक्षेला पात्र ठरणे हाच वाङ्मयाचा खरा मान आहे.

येथे प्रतिपक्षाचा आक्षेप ध्यानात घेतला पाहिजे. तो असा की, या विचाराने कोणतीही वस्तू उणी आहे असे म्हणण्याची सोयच उरणार नाही. प्रत्येक प्रतिकूल निर्णयावर 'कमी लेखले' हा शिक्का बसेल आणि समीक्षेची जागा सत्कार घेईल. हा धोका खरा आहे, आणि तो टाळण्यासाठीच 'कमी असणे' आणि 'कमी लेखणे' हा भेद जपायला हवा. या भेदाचे एक उदाहरण याच परिसरातील संतकवीच्या आख्यायिकेत मिळते. पेडणे महालातील पालयेशी ज्यांचे नाते सांगितले जाते ते सोहिरोबानाथ आंबिये १७१४ साली जन्मले. बांद्याकडचे कुळकर्णीपण त्यांच्या घराण्याकडे होते. गावाचा लेखा ठेवणे हाच त्यांचा वंशपरंपरागत उद्योग. तो सोडून ते नाथपंथाच्या वाटेला लागले आणि 'महदनुभवेश्वरी', 'सिद्धांतसंहिता' अशी ग्रंथरचना त्यांनी केली. उत्तरेकडे गेल्यावर महादजी शिंदे यांनी आपली कविता त्यांना दाखविली आणि सोहिरोबांनी तिची स्तुती केली नाही, अशी कथा सांगतात. आख्यायिकेचा इतिहास म्हणून आग्रह धरू नये. पण परंपरेने ती जपली, यात तिचा निवाडा आहे. महादजीचे सामर्थ्य, दरबार, औदार्य यांपैकी काहीही त्या कवीने कवितेच्या खात्यावर जमा केले नाही. कवितेचे माप कवितेपुरते ठेवले. अशा वेळी प्रतिकूल मत दिले तरी ते कमी लेखणे होत नाही. उलट, राजाची कविता म्हणून तिला वाखाणले असते तर ते अधिक लेखणे झाले असते. आणि अधिक लेखणे हीदेखील हिशेबातील चूकच आहे.

यावरून 'कमी लेखले' या आरोपाच्या सत्यतेच्या तीन कसोट्या निघतात. पहिली : वस्तूचे माप तिच्या स्वतःच्या जातीच्या मापाने घेतले की परक्या मापाने? बोलीला ग्रंथभाषेच्या मापाने, आणि प्रयोगाला पुस्तकाच्या मापाने मोजले असेल तर आरोप खरा. दुसरी : वही उघडी होती काय? निर्णय देणाऱ्याने आपले निकष सांगितले होते, की ते सर्वमान्य आहेत असे गृहीत धरले होते? तिसरी : नोंद दुरुस्त होण्याची वाट मोकळी होती काय? ज्याच्याविषयी निर्णय दिला त्याला उत्तर देता आले काय, आणि ते कोणी ऐकले काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर प्रतिकूल निर्णय मुकाट्याने मानावा. तेथे 'कमी लेखले' म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे. नसतील, तर निर्णय कितीही विद्वत्तेने दिलेला असो, तो पुन्हा तपासला पाहिजे.

अध्यापकांच्या दृष्टीने या विचाराचा उपयोग अगदी व्यवहारातला आहे. निबंधाच्या वहीत 'माका' दिसला म्हणजे त्यावर तांबडी रेघ ओढणे सोपे आहे. आणि परीक्षेच्या दृष्टीने 'मला' लिहायला शिकविणे आवश्यकही आहे, कारण प्रमाणभाषा ही विद्यार्थ्याच्या भाकरीचीही भाषा आहे. परंतु रेघ ओढण्यापूर्वी शिक्षकाने एवढे सांगावे की, हे रूप चुकीचे नाही, ते दुसऱ्या वहीतले आहे; या वहीत असे लिहितात. या एका वाक्याने मुलाच्या मनातील आकडा बदलतो. घरची भाषा त्याला उणी वाटत नाही आणि शाळेची परकी वाटत नाही. पेडण्या-डिचोलीच्या मुलांची पिढ्यान्‌पिढ्या दोन भाषारूपांत जी सहज ये-जा होती, ती त्यांची उणीव नसून मिळकत आहे, हे त्यांना प्रथम शाळेतच कळले पाहिजे. अकादमींनी आणि परिषदांनीही आपल्या वाङ्मयेतिहासांतून 'बोलीभाषेतील साहित्य' असे शेवटचे प्रकरण जोडण्यापेक्षा, त्या त्या साहित्याला त्याच्या वाङ्मयप्रकारात जागा द्यावी : दशावताराला नाटकात, धालोला गीतात, सोहिरोबांना तत्त्वकाव्यात.

मराठीने नव्याऐंशी आणि नव्व्याण्णव या दोन अंकांना त्यांच्या स्वतःच्या नवांवरून ओळखले, आणि त्यामुळे मोजण्यात काही गोंधळ झाला नाही. इतर सातांची नावे बदलण्याची गरज नाही. भाषेच्या सवयी आज्ञेने बदलत नसतात. परंतु माणसांच्या, भाषांच्या आणि वाङ्मयाच्या बाबतीत सवयीची सबब चालणार नाही. तेथे आकडा मांडण्यापूर्वी वही कोणाची आहे हे पाहिलेच पाहिजे.